जिल्ह्यात एकही माणूस रस्त्यावर झोपू नये, यासाठी नेमकं काय करावं लागेल?

मागच्या अंकात थंडी आणि फुटपाथ या विषयावर दोनच परिच्छेद लिहिले होते. त्यात म्हणणं एवढंच होतं की नागपुरात मदत करणारे हात कमी नाहीत, पण कोण कुणाला मदत करतंय हे कुणालाच माहीत नसतं. त्यावर इतकी पत्रं, मेसेज, व्हॉइस नोट आल्या की यावेळचं पूर्ण सदर त्यालाच दिलंय. पत्रं थोडी छोटी केली आहेत आणि नावं मुद्दाम काढली आहेत.

प्रश्न : ताई, आमचा कॉलेजच्या पोरापोरींचा ग्रुप आहे, थंडीत आम्ही मेडिकल, मेयो या सरकारी दवाखान्यांकडे आणि गणेशपेठ बस स्टँडकडे ब्लँकेट वाटतो. यावर्षी लक्षात आलं की त्याच रात्री त्याच फुटपाथवर आमच्या आधी दोन ग्रुप येऊन गेलेत, काही लोकांकडे तीन तीन ब्लँकेट आणि पुलाखाली कोपऱ्यात एक म्हातारे बाबा होते त्यांच्याकडे काहीच नाही. माझी चुलत बहीण अमेरिकेत न्यू जर्सीला असते, ती म्हणते त्यांच्या बर्गन काउंटीत पूर्ण जिल्ह्याची मिळून एकच सिस्टीम आहे. हे कसं असते आणि आपल्याकडे होऊ शकते काय? (एक विद्यार्थी, मानेवाडा)

होऊ शकतं. आणि तुम्ही त्या रात्री जे बघितलं तेच या सगळ्या प्रश्नाचं मूळ आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

अमेरिकेतली काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. तिथेही आधी हेच होतं, चर्चचा ट्रस्ट वेगळा, सरकारी ऑफिस वेगळं, हॉस्पिटल वेगळं, निवारा चालवणारी संस्था वेगळी, प्रत्येकाकडे आपापलं रजिस्टर आणि बेघर माणसाने मात्र दर दारात जाऊन आपली तीच कहाणी परत परत सांगायची. 1995 पासून तिथल्या केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्याने असं ठेवलं की निधी पाहिजे असेल तर त्या भागातल्या सगळ्या संस्थांनी मिळून एकच अर्ज करायचा. 2009 च्या कायद्याने ते पक्कं झालं आणि 2012 च्या नियमांत तर प्रत्येक भागाने प्रवेशाची एकच सामायिक पद्धत ठेवलीच पाहिजे असं आलं. म्हणजे माणूस कुठल्याही दारातून आत येवो, प्रश्न तेच विचारायचे, नोंद एकाच ठिकाणी करायची आणि जागा रिकामी झाली की आधी कोण आलं ते न बघता कोणाची हालत जास्त नाजूक आहे ते बघून द्यायची. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं की तिथे लोक फक्त चांगुलपणाने एकत्र बसले नाहीत, पैसाच एकत्र बसण्याशी बांधलेला होता. आपल्याकडे समन्वय हवा असं सगळेच म्हणतात, पण तो नाही केला तर कोणाचं काहीच अडत नाही.

तुमची बहीण म्हणते ते बर्गनचं खरं आहे. तिथल्या हॅकेनसॅक गावात काउंटीने 2009 मध्ये एक केंद्र उघडलं, झोपायची सोय, जेवण, आरोग्य आणि घर शोधून देणारी माणसं सगळं एकाच छताखाली. 2017 मध्ये, जे लोक दीर्घकाळ रस्त्यावर आहेत आणि वरून आजारी किंवा अपंग आहेत, त्यांची बेघरी तिथे ‘फंक्शनल झिरो’ला आली असं जाहीर झालं. याचा अर्थ पुन्हा कोणी रस्त्यावर येणारच नाही असा नाही. कोणी आलाच तर तो यंत्रणेला लगेच कळतो आणि जितके येतात तितके घरात जात राहतात, साचत नाहीत, एवढा त्याचा अर्थ.

हे ज्याच्यावर उभं आहे ती गोष्ट म्हणजे नावानिशी यादी. वर्षातून एकदा डोकी मोजून रिपोर्ट छापला ती ही यादी नाही. यात माणूस असतो, नाव काय, कुठे झोपतो, कधीपासून, तब्येत कशी, कागद कोणते आहेत, शेवटचं कोण भेटलं आणि आता पुढचं काम कोणाकडे. ठरलेल्या दिवशी सगळे एका टेबलाभोवती बसतात आणि एकेक नाव घेऊन बोलतात. तुमच्या त्या बाबांचं नाव अशा यादीत असतं तर तीनही ग्रुपना निघायच्या आधीच माहीत असतं की पुलाखाली एक जण आहे आणि त्याला ब्लँकेटसोबत बहुतेक डॉक्टरचीही गरज आहे.

ह्यूस्टनचं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं कारण लोकसंख्येने ते शहर आपल्या नागपूरच्याच आसपास आहे. तिथे 2012 च्या सुमारास शंभरावर संस्था एका योजनेखाली आल्या, शहर एकटं नाही तर आजूबाजूच्या तीन काउंट्या धरून, आणि तेव्हापासून 25 हजारांच्या वर लोक घरात गेलेत, रस्त्यावरचा आकडा निम्म्याहूनही खाली आला.

आता आपल्याकडे बघा. निवारा महापालिकेच्या समाज विकास विभागाकडे, चालवायला संस्था, लहान मूल सापडलं तर बालकल्याण समिती, मानसिक आजारी माणूस पोलीस आणि मनोरुग्णालयाकडे, भीक मागणाऱ्यांसाठी केंद्राच्या सामाजिक न्याय खात्याची वेगळी योजना, आणि तिच्या सुरुवातीच्या पायलट शहरांत नागपूर होतं. आईवडिलांना घराबाहेर काढलं तर ज्येष्ठांसाठीच्या 2007 च्या कायद्याखालचं न्यायाधिकरण, ते एसडीओ (उपविभागीय अधिकारी) साहेबांकडे. म्हणजे तुकडे सगळे आहेत! ते जोडायला कोणी बसत नाही.

आणि रस्त्यावरचा प्रत्येक माणूस सारखा नसतो हे आपण विसरतो, त्यामुळे सगळ्यांना एकच वस्तू वाटतो. मेडिकलच्या बाहेर झोपणारे बरेचसे पेशंटचे नातेवाईक असतात, गोंदिया, गडचिरोली, बालाघाट, छिंदवाड्याकडून आलेले, त्यांना पंधरा दिवस वॉर्डाजवळ स्वस्त किंवा फुकट झोपायला जागा मिळाली की प्रश्न संपला. ठिय्यावरचा, म्हणजे रोज सकाळी चौकात काम मिळायची वाट बघणारा मजूर वेगळा, त्याचं गावात घर आहे पण इथे रोजच्या मजुरीतून खोली परवडत नाही. ताजबागेला किंवा टेकडी गणपतीकडे बसणारी म्हातारी माणसं वेगळी, त्यांना पेन्शन, औषधं आणि कोणीतरी विचारणारं पाहिजे. सिग्नलवर वस्तू विकणारी पूर्ण कुटुंबं असतात, त्यांना स्त्रिया एकीकडे पुरुष दुसरीकडे असा निवारा चालतच नाही. स्टेशनवरचं पळून आलेलं पोरगं तर चोवीस तासांत बालकल्याण समितीसमोर गेलंच पाहिजे, त्यासाठी चाइल्ड हेल्पलाइन 1098. यादी नसली की हे सगळे एकाच ‘बेघर’ शब्दाखाली दबतात आणि ज्याला सगळ्यात जास्त गरज आहे तो कोपऱ्यातच राहतो.

तुमच्या ग्रुपने सुरुवात म्हणून एवढंच करावं, त्या भागात जाणाऱ्या बाकी ग्रुपना गाठून वार वाटून घ्या आणि ब्लँकेट देताना पाच मिनिटं बोला, परवानगी असेल तर नाव लिहून घ्या. पुढच्या रात्री त्याच माणसाला नावाने हाक मारा. अनोळखी लोकांवर विश्वास बसायला वेळ लागतो, आणि तो बसल्याशिवाय कोणी आपल्या आजाराबद्दल, घरच्यांबद्दल बोलत नाही.

प्रश्न : महापालिकेचे निवारे आहेत, तिथे जागाही असते असं ऐकतो. तरी हे लोक आमच्या दुकानाच्या ओट्यावरच झोपतात. त्यांनाच जायचं नसेल तर सिस्टीम बनवून काय उपयोग? (एक व्यापारी, इतवारी)

दादा, सकाळी शटर उघडायच्या आधी ओटा धुवावा लागतो, गिऱ्हाईक नाक मुरडतं, हा त्रास खरा आहे आणि तो फक्त तुमच्या एकट्याच्या माथी का, हा प्रश्नही बरोबर आहे. पण ‘त्यांनाच नको’ हे मला पटत नाही. ओट्यावर झोपणाऱ्याला एकदा विचारून बघा. बहुतेक वेळा कारण अगदी साधं निघतं. निवारा ठिय्यापासून लांब आहे आणि पहाटे तिथे पोचलं नाही तर दिवसाची मजुरी गेली. हातगाडी किंवा बोचकं ठेवायला जागा नाही, चोरीला गेलं तर धंदाच बुडाला. नवराबायकोला वेगळं व्हावं लागतं. दारू प्यायलेला असला तर दारातूनच परत. बाईमाणसाला भीती वाटते, आणि कितीतरी लोकांना निवारा कुठे आहे हेच माहीत नसतं.

कायद्याची बाजूही सांगते. दिल्लीत थंडीने माणसं मेल्यावर 2010 मध्ये सुप्रीम कोर्टाने शहरांना एक लाख लोकसंख्येमागे एक असे निवारे उभारायला सांगितलं, बारमाही आणि चोवीस तास चालणारे. 2013 पासून राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांसाठी वेगळी योजनाच आली. तिच्या नियमांत दर माणसामागे निदान 50 चौरस फूट जागा होती, स्त्रिया, कुटुंबं, म्हातारी आणि आजारी माणसं यांच्यासाठी वेगळी सोय होती, आणि निवाऱ्यातूनच ओळखपत्र, रेशन, दवाखाना यांना जोडून द्यायचं कामही होतं. 2011 च्या जनगणनेत नागपूर शहर 24 लाखांवर होतं. म्हणजे निदान 24 निवारे हवेत, तेही जिथे माणसं झोपतात तिथून पायी जाता येईल असे. फक्त एकूण किती पलंग आहेत ते सांगून भागत नाही, इतवारीतल्या माणसाला शहराच्या दुसऱ्या टोकाला रिकामा पलंग आहे याचा काय फायदा?

आणि नागपूरच्या हवेत हे किती गरजेचं आहे ते तुम्हाला सांगायला नको. 29 डिसेंबर 2018 ला आपल्याकडे पारा 3.5 अंशांवर गेला होता आणि 23 मे 2013 ला 47.9 वर. थंडीत निदान ब्लँकेटवाले फिरतात, मे महिन्यात दुपारी एक ते चार फुटपाथवरच्या माणसाकडे कोण बघतं? निवारा दिवसाही उघडा पाहिजे तो यासाठी. इतवारीतल्या व्यापारी संघाने हीच मागणी लावून धरली, की आमच्या बाजारात रात्री अमुक इतके लोक झोपतात, इथेच जवळ एक निवारा द्या, सामान ठेवायला लॉकर द्या, तर ती संस्थावाल्यांच्या दहा निवेदनांपेक्षा जास्त ऐकली जाईल असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : आमच्या मनीषनगरात एक बाई फिरते, अंगावर नीट कपडे नसतात, स्वतःशी बोलते, पोरं दगड मारतात. पोलिसांना सांगितलं तर कोणी म्हणते हे आमचं काम नाही, दवाखान्यात न्या. दवाखाना म्हणते नातेवाईक आणा. मी एकटी बाई काय करू ताई? (एक गृहिणी)

काकू, तुम्ही हा विषय सोडला नाही याबद्दल तुमचे आभार. हे काम पोलिसांचंच आहे आणि ते कायद्यात लिहिलेलं आहे. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम 100 वाचून दाखवा. मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारी व्यक्ती फिरताना दिसली तर तिला संरक्षणात घेणं, चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीला नेणं ही ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याची जबाबदारी आहे. तिला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. ती बेघर असेल तर हरवलेल्या व्यक्तीचा एफआयआर नोंदवून घरच्यांचा शोधही ठाण्यानेच घ्यायचा. त्यामुळे ‘आधी नातेवाईक आणा’ हे उत्तर कायद्यात बसत नाही. 112 वर फोन करा, कलमाचा उल्लेख करा, कॉल केल्याची वेळ लिहून ठेवा. तरी हलले नाहीत तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साध्या कागदावर अर्ज द्या, तिथे स्त्रियांना आणि मानसिक आजारी व्यक्तींना मोफत वकील मिळतो. तिच्याशी कसं बोलावं हे कळत नसेल तर टेलीमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, 14416, चोवीस तास चालते.

पण मला जास्त काळजी पुढची वाटते. आपल्या नागपूरचं मनोरुग्णालय 1864 पासूनचं, तिथे उपचार होतील, बाई सावरेलही. मग? घरचे सापडले नाहीत किंवा नाही म्हणाले तर? त्याच कायद्याच्या कलम 19 मध्ये म्हटलंय की केवळ घर नाही, कुटुंब घेत नाही म्हणून कोणाला दवाखान्यात ठेवून घेता येत नाही. मग बाहेर पडायला जागा पाहिजे, नाहीतर काही महिन्यांनी ती परत त्याच चौकात. चेन्नईच्या ‘द बॅनियन’ संस्थेने यावर फार चांगला मार्ग काढला, साध्या वस्तीत भाड्याने घर घ्यायचं, चार-पाच जणींनी मिळून राहायचं, सोबतीला एक मदतनीस. स्वयंपाक, भांडणं, सणवार, शेजार, सगळं आपल्या घरात असतं तसं. महाराष्ट्रात कर्जतला डॉ. भरत वाटवानींच्या श्रद्धा फाउंडेशनने रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून दूरदूरच्या राज्यांत घरी पोचवलंय, त्यासाठीच त्यांना 2018 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

जिल्ह्याची एक यादी असती तर डिस्चार्जची तारीख ठरायच्या आधीच टेबलावर तिचं नाव आलं असतं आणि कोणी तरी जागा बघायला लागलं असतं. आज दवाखान्याचं गेट हीच आपल्या व्यवस्थेतली सगळ्यात मोठी फट आहे.

प्रश्न : अमेरिकेचं एवढं कौतुक कशाला? तिथल्या शहरांत तंबू लागलेले रोज व्हिडिओत दिसतात. (एक निवृत्त शिक्षक, धरमपेठ)

सर, तुमचा आक्षेप योग्य आहे. जानेवारी 2024 च्या त्यांच्या एका रात्रीच्या मोजणीत 7,71,480 बेघर निघाले, आधीच्या वर्षापेक्षा 18 टक्के जास्त आणि मोजणी सुरू झाल्यापासूनचा सगळ्यात मोठा आकडा. मुख्य कारण घरभाडं. यादी घर बांधत नाही, हे तिथूनच शिकायचं. ह्यूस्टनला जमलं यात तिथली घरं तुलनेने स्वस्त होती हाही भाग आहे. शिवाय कोणाची हालत जास्त नाजूक हे ठरवायला अनेक ठिकाणी एक गुणांची प्रश्नावली वापरत, तिच्यात काळ्या लोकांना कमी गुण पडतात अशी टीका झाली आणि ज्यांनी ती बनवली त्यांनीच ती मागे घ्यायला सुरुवात केली. म्हणून फॉर्म जसाच्या तसा उचलायचा नाही.

माझं म्हणणं इतकंच की घरं कमी असतानाही कोण कुठे आहे हे माहीत असलेलं गाव आणि माहीत नसलेलं गाव यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. फिनलंडने 2008 पासून आधी घर द्यायचं, दारू सोडणं-बिडणं नंतर, हे धोरण धरलं आणि बेघरी बरीच खाली आणली, पण त्यांनी त्यासाठी निवारे मोडून तिथे चक्क राहती घरं केली, पैसा ओतला. आपल्याकडे घरकुल योजनेत नाव लागायलाच इतके कागद लागतात की फुटपाथवरचा माणूस पहिल्या खिडकीवरूनच परत येतो.

प्रश्न : अशी नावाची यादी बनली आणि ती पोलिसांच्या हातात गेली तर? उद्या कोणी मोठा पाहुणा आला की याच यादीवरून लोकांना उचलतील. (विधीची एक विद्यार्थिनी)

ही भीती अगदी खरी आहे. मार्च 2023 मध्ये सी-20 म्हणजे जी-20 शी जोडलेल्या नागरी संस्थांच्या बैठकीच्या आधी नागपूर पोलिसांनी कलम 144 खाली रस्त्यावर भीक मागायला बंदी घातली होती. शिवाय 1959 चा भीक प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात आहेच, त्यात पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं डांबून ठेवायची तरतूद आहे. म्हणून यादी कोणाकडे राहील हे आधी ठरलं पाहिजे, यादी नंतर.

माझं मत असं आहे की टेबल जिल्हाधिकाऱ्यांनी बोलवावं, कारण महापालिका, पोलीस, आरोग्य, समाजकल्याण हे सगळे त्यांच्याच बोलावण्यावर येतात, संस्थेने बोलावलं तर खालचा कर्मचारी येतो आणि डोकं हलवून जातो. पण यादीची राखण विधी सेवा प्राधिकरणासारख्या न्यायालयाशी जोडलेल्या यंत्रणेकडे द्यावी. माणसाची संमती नसेल तर नाव नाही, टोपणनाव चालेल. जात, धर्म, जुना गुन्हा हे विचारायचंच नाही. दवाखान्याला आजाराचं कळेल, रेशनवाल्याला कळायची गरज नाही. पोलिसांना फक्त हरवलेल्यांच्या शोधापुरतं. आणि फोटो अजिबात नाही! ब्लँकेट हातात देऊन कॅमेऱ्याकडे बघायला लावणं आता बंद झालंच पाहिजे, झोपेतल्या माणसाचा व्हिडिओ काढून रील टाकणाऱ्यांना मी इथून कळकळीने सांगते की त्याच्या गावातली लेक तो व्हिडिओ बघत असेल.

जे यादीत आहेत त्यांच्यातलेच दोघं-तिघं टेबलावरही बसलेले पाहिजेत. निवारा कुठे हवा हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार?

प्रश्न : हे सगळं नागपूर शहराचं झालं. आम्ही काटोलला राहतो. बस स्टँडवर पाच-सहा लोक कायम असतात. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावाने काय करावं? (एक वाचक)

म्हणूनच मी जिल्हा जिल्हा म्हणतेय. आपल्या जिल्ह्यात 14 तालुके आहेत आणि काटोल, उमरेड, रामटेककडे सोय नसली की तोच माणूस एसटीत बसून किंवा कोणी बसवून दिल्यावर गणेशपेठला उतरतो, मग तो ‘नागपूरचा प्रश्न’ होतो. तुमच्याकडे पाच-सहाच लोक आहेत हे उलट सोपं आहे, तुमची नावानिशी यादी एका संध्याकाळी होईल. महापालिकेला 10 झोन आहेत, तिथे मातृसेवा संघ, तिरपुडे अशा समाजकार्य कॉलेजांची मुलं झोन वाटून घेऊन रात्रीची पाहणी करू शकतात, तुम्हाला त्याचीही गरज नाही.

नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांना भेटा, सोबत ग्रामीण रुग्णालयातलं कोणी, एसटीच्या आगारातलं कोणी आणि ठाण्यातला एक हवालदार असे चौघं महिन्यातून दोनदा बसतील एवढंच मागा. त्या सहा जणांत म्हातारी माणसं असतील तर ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567, आणि पोरांनी बाहेर काढलेले असतील तर एसडीओ ऑफिसात पोटगीचा अर्ज, त्याला वकील लागत नाही. मतदार यादीत नावही घालता येतं, घराचा पत्ता नसला तरी चालतो. फॉर्म 6 भरायचा, बीएलओ म्हणजे मतदान केंद्राचा अधिकारी रात्री त्या जागी येऊन माणूस खरंच तिथे झोपतो का ते बघून जातो, निवडणूक आयोगाचाच तसा नियम आहे. मतदार ओळखपत्र हातात आलं की बाकीच्या खिडक्यांवर उभं राहायला निदान एक कागद झाला. पहिली मीटिंग झाली की कळवा, कोण आलं आणि कोण नाही आलं तेही लिहा, पुढच्या अंकात त्यावरच बोलू.